धुऱ्याची केस

तुम्ही सगळे विचारता ना, वकीलच व्हायचं होतं तर आधी राज्यशास्त्र आणि कायदा घेऊन बीए घरच्यांनी कसं करू दिलं? ऐका मग.

बारावीनंतर मी घरी सांगितलं, आधी तीन वर्षं बीए, मग तीन वर्षं एलएलबी. बाबांनी हातमाग थांबवला. "सहा वर्स? बारावीवरून सीधी वकिली पाच वर्सांत होते ना! अन् राजकारण शिकाले कॉलेज कायले लागते? आंधळगावच्या ग्रामसभेत बस दोन दिवस!"

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. चालवणारे श्यामरावकाका, मागे दौलतकाका. दोघांच्या धानाच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांची एकमेकांवर केस. दर रोवण्याला, धानाची लावणी करताना, एकजण धुरा फावडाभर सरकवायचा, पुढच्या वर्षी दुसरा परत आणायचा. पण तारखेला भंडाऱ्याच्या कोर्टात जायचे ते एकाच गाडीवर, कारण गाडी श्यामरावकाकांकडेच होती.

बाबांनी त्यांच्यापुढे माझं गाऱ्हाणं मांडलं.

श्यामरावकाका म्हणाले, "शिकू दे ना सहा वर्स. आमची केस कुठी पळून जाते?"

दौलतकाका म्हणाले, "पण बाई, वकील झाली का माझ्याकडून उभी राहजो."

"काहून? माझ्याच गाडीवर बसून मलेच हरवशीन का?"

बाबा इतके हसले, की त्याच हसण्यात फॉर्मवर सही झाली.

सहा वर्षांनी पहिल्यांदा काळा कोट घालून घराबाहेर पडले, तर तीच गाडी दारात. दोघं म्हातारे सीटवर पुढे सरकले.

"बस बाई, मावतो तिघंही. आज तारीख आहे."