डाव्या खांद्याचं पॅड

सोलापुरातल्या हाडांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर वळसंगची एक आई एका शिक्षिकेशी बोलत होती.

"बाई, माझ्या सृष्टीचा मणका वाकडा हाय. नववीत हाय ओ पोरगी. व्यायामानं सरळ हुतोय का?"

"माझा पूर्ण सरळ झाला नाही. पण तिच्या वयापासून व्यायाम करतेय, तर फारसा वाढलाही नाही. दिवसभर वर्गात उभी असते की."

"तुमचाबी वाकडा? दिसत न्हाय की!"

"सवय सोडली नाही, म्हणून."

"मी तर शिंप्याकडनं पोरीच्या ड्रेसला डाव्या खांद्यात पॅड घालून घेतलंय. चारचौघांत दिसाय नको."

"असं नका करू. लपवलं की पोरीला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलंय."

"व्हय, ते बी खरंच. मग तुमी आज कशाला आलाय?"

"लेकीला घेऊन. परवा वेणी घालताना तिचा एक खांदा खाली दिसला. एक्स-रेला नेलंय तिला."

"अगं बाई! डोळं पुसा आधी. तुमचं बघा की, किती चांगलं चाललंय. तिला सांगितलंय न्हवं, आईचीबी पाठ अशीच हाय म्हणून?"

"नाही हो. माझ्या ब्लाऊजला अजून पॅड आहे."