आधी पाठवणी, मग हळद

अगं, परवा आमच्या पुंडलिकनगरच्या फोटो स्टुडिओत काय झालं ऐक. एका लग्नाचे दोन कॅमेऱ्यांवरचे फोटो मी एकत्र केले, तर नवरी आधी रडत सासरी निघाली आणि मग हळदीला बसली! ह्यांच्या एका कॅमेऱ्याचं घड्याळ चक्क एक दिवस पुढं होतं. त्यात नवरीची मावशी पेनड्राइव्ह घेऊन समोर बसलेली.

"हजारभर फोटो हातानं लावायचे म्हणजे दोन दिवस जातील," हे हळूच म्हणाले.

"दोन दिवस? पोरगी माहेरी आलीय, संध्याकाळच्या गाडीनं परत चालली. सासरी काय दाखवंल ती?" मावशींनी ऐकलंच.

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही चहा घ्या."

लेकीनं मला छोट्या स्क्रिप्ट लिहायला शिकवलंय. कामं एकदा ओळीनं लिहून दिली की कॉम्प्युटर ती आपला आपण करतो. मी लिहिलं, या कॅमेऱ्याचे सगळे फोटो एक दिवस मागं घे, मग वेळेप्रमाणं नंबर दे. चहा संपायच्या आत हळद, लग्न, पाठवणी, सगळं रांगेत!

मावशी ह्यांना म्हणाल्या, "लई हुशार बाई मिळाली की तुम्हाला कामाला! कुठून आणली?"

हे कॉलर ताठ करून म्हणाले, "हर्सूलहून. वाजतगाजत, वरात काढून!"