तीन ठोके

पीना : अरे मीम्मो, मेल्या, तो फोन ठेव आधी खिशात! तुझ्या आईची टोपली सकाळपासून खिडकीतून खाली लोंबतेय, आणि तू माझ्या दुकानासमोरून पाहुण्यांच्या बॅगा ओढत निघालायस?

मीम्मो : लोंबू दे की, मावशी. डुलकी लागली असेल तिला. आज बंदरात जहाज लागलंय, अख्खं जग नेपल्स बघायला उतरलंय. मला श्वास घ्यायला फुरसत नाही.

पीना : डुलकी? मी दुकान उघडलं तेव्हाच टोपली खाली होती. पाव ठेवला, दोरी हलवली, रोजच्यासारखी. पाव अजून तसाच. हात लावून बघ, उन्हानं दगड झालाय. अमालियानं कधी पाव असा टाकून ठेवलाय?

मीम्मो : आणि ही नाणी कसली आत?

पीना : तुझ्याच पाहुण्यांची कृपा. भिकेची टोपली वाटली त्यांना. फोटो काढायचा, नाणं टाकायचं, पुढं जायचं.

मीम्मो : मग तू का नाही गेलीस वर?

पीना : गिऱ्हाइकांनी सकाळपासून उच्छाद मांडलाय. चुकलं माझं, झालं? हाका मारल्या मी. या कलकलाटात चौथ्या मजल्यावर हाक पोचते का?

मीम्मो : आई! ए आई! ...खिडकी तर उघडी आहे. चल, मावशी.

पीना : हळू रे, कठडा धरू दे. देवा, या जिन्यात दारं बंद कधी बघितली नव्हती मी. आता तू सगळी घरं पाहुण्यांना भाड्यानं देऊन बसलास, दाराला आकड्यांची कुलपं लावलीस. कुणाला हाक मारायची इथं?

मीम्मो : आत्ता भांडू नकोस ना.

पीना : किल्ली आहे ना तिच्या घराची?

मीम्मो : ही काय. फिरतेय... पण उघडत नाही. आतून कडी आहे. लोखंडी.

पीना : अमालियाच्या दाराला कडी? रविवारी रस्सा शिजत असला की दार सताड उघडं टाकायची ती!

मीम्मो : मीच बसवली. पाहुणे रात्री पिऊन येतात, मजला चुकतो, तिच्याच कुलपात किल्ली घालत बसतात. घाबरायची ती. म्हणून मीच... आई! दार उघड! मी आहे, मीम्मो!

पीना : बंबवाल्यांना लाव फोन.

मीम्मो : लावतोय. हॅलो? आई आहे माझी, म्हातारी आहे, आत अडकलीय... काय? गाडी बोळात शिरत नाही? हॉटेलांची टेबलं आहेत? अहो मग चालत या! पळत या! ...येतायत म्हणे, मावशी. गर्दी आहे म्हणे.

पीना : गर्दी म्हणे! आता कुणाचा फोन वाजतोय?

मीम्मो : खालच्या मजल्यावरच्यांचा निरोप. नन्नीना राहायची त्या घरात उतरलेत ते. आज रात्री तरी शांतता मिळेल ना, म्हणून विचारतायत.

पीना : म्हणजे?

मीम्मो : काही नाही गं. सकाळी तक्रार होती त्यांची. वरून कुणीतरी ठोकतंय, झोप मोडली. जुने नळ आहेत, माफ करा, असं कळवलं मी.

पीना : कसं ठोकत होतं?

मीम्मो : मला काय माहीत?

पीना : वाच. काय लिहिलंय ते वाच मला.

मीम्मो : ‘तीन ठोके. मग थांबतं. मग परत तीन. आता जरा हळू येतायत, पण...’

पीना : मीम्मो.

मीम्मो : आई गं...

पीना : तीन ठोके म्हणजे काय या घरात? बोल! लहान होतास तेव्हा नन्नीनाच्या मागं तूच धावायचास ना जिना चढून?

मीम्मो : वर ये. तीन म्हणजे वर ये. मावशी, मी वाचलं गं ते. वाचलं, आणि नळ म्हणालो.

पीना : नन्नीना असती तर हातातला झाडू न टाकता आली असती. तिला तूच...

मीम्मो : हो, मीच! मीच गोड बोललो, मीच टेम्पो बोलावला, मीच तिला गावाबाहेर नेऊन टाकलं! मार मला, थोबाड फोड माझं, पण नंतर! आधी हे दार! लोखंडाचं काहीतरी दे!

पीना : जिन्याखाली गवंड्यांची पहार पडलीय. पळ! अमालिया, अगं ऐकतेस का? आलो गं आम्ही!

(पहारेचे घाव. दार मोडतं.)

मीम्मो : कुठंयस? आई!

पीना : इकडे, स्वयंपाकघरात. ओट्यापाशी.

मीम्मो : अंग गरम आहे. श्वास चालू आहे, मावशी, श्वास आहे! आई, डोळे उघड. माझ्याकडे बघ.

पीना : उचलू नकोस! पाय बघ कसा वळलाय. नुसते ओठ ओले कर तिचे.

आई : मीम्मो? ...जेवलास?

मीम्मो : जेवलो, आई. बोलू नकोस तू.

आई : टोपली सोडून वळले आणि पाय सटकला. चपलेनं ठोकलं. खूप ठोकलं रे.

मीम्मो : माहीत आहे.

आई : नन्नीना आली नाही.

पीना : अगं अमालिया, नन्नीना आता इथं...

मीम्मो : मावशी, नको.

आई : असं नाही करायची ती. तिसरा ठोका पडायच्या आत जिन्यात असते. पडलीबिडली तर नसेल? एकटीच असते बिचारी. मीम्मो, माझं राहू दे. आधी खाली जाऊन तिला बघ.

मीम्मो : बघतो, आई.

आई : आत्ता जा.