मॅडम, लाइट चालू है

...आणि पुन्हा तेच. आत्ता इथे यायला निघाले, गल्लीच्या तोंडाशी पोहोचायच्या आत एक स्कूटरवाला जवळ आला, एका हाताने हँडल धरलं, दुसरा हात वर केला, पाचही बोटं जुळवली-उघडली, जुळवली-उघडली, लहान मुलाला चिऊची चोच करून दाखवतात ना, तसं, आणि म्हणतो काय, "मॅडम, लाइट चालू है." माहीत आहे, बाप्पा. गाडी माझी, चालवते मी, मला माहीत नसेल तर कोणाला असेल?

तुम्हाला सांगते, ह्या गाडीला समोर दोन पांढऱ्या पट्ट्या आहेत, भुवया कोरल्यासारख्या. गाडी सुरू केली की त्या लागतात. दिवसा लागतात, उन्हात लागतात, बंद करायचं बटणच नाही. समोरच्याला गाडी लांबून दिसावी म्हणून आहेत त्या. आणि दिसतेच हो, लांबूनच दिसते, म्हणून तर लांबूनच लोक हात वर करत येतात. मी काच खाली करते आणि सांगते, "हो भाऊ, ते कंपनीतूनच तसं आहे." तो भाऊ मान हलवतो, पण चेहऱ्यावर असं, की बिचारीला गाडीतलं काही कळत नाही.

बरं, सांगणाऱ्याच्या मोटरसायकलचा स्वतःचा दिवा भर दुपारी जळत असतो. आजकालच्या दुचाक्यांना तो बंदच होत नाही. मी आमच्या ह्यांना दाखवलं, म्हटलं, "बघा, त्याचाही चालूच आहे की." हे म्हणाले, "त्याच्या गाडीला तसंच असतं." म्हटलं, "मग आपल्या?" तर म्हणतात, "आपली तू चालवतेस."

आमचे हे म्हणजे कृष्णकांत. जन्मभर सरकारी कचेरीत होते, स्वभाव शांत, पण दिवा ह्या गोष्टीवर फार बारीक नजर. मी देवघरातून उठून स्वयंपाकघरात जाईपर्यंत मागे खट्कन बटण वाजतं. त्यात स्वतः गाडी शिकले नाहीत. डाव्या सीटवर बसतात आणि जिथे ब्रेक नाही तिथे पाय दाबतात. त्यामुळे रस्त्यावर कोणी चिऊची चोच केली, की ह्यांचा जीव कासावीस. "अरुंधती, तो काहीतरी सांगून राहिला. काही चुकलं असेल तुझं." प्रतापनगरपासून गांधीबागेपर्यंत, अख्ख्या नागपुरात हेच. त्या दिवशी दुपट्यांसाठी मऊ मलमल आणायला गेलो होतो, तर दुकानदार कापड फाडता फाडता काचेतून बाहेर बघतो आणि म्हणतो, "काकू, लाइट चालू राहिला वाटते." ती दुसऱ्याच कोणाची तरी गाडी होती हो, माझी दुकानाच्या मागच्या गल्लीत उभी होती, बंद. तरी हे माझ्याकडेच बघून राहिले.

दुपटी कशाला, तर आमच्या मुग्धाला दिवस गेलेत. ती राहते वर्धा रोडकडे, नोकरी मिहानला, जावई महिनाभर बाहेरगावी, आणि डॉक्टर धंतोलीत. माझ्या मनात एकच होतं, पोरीला डॉक्टरकडे न्यायचं-आणायचं ते मी. कोणी हसा, पण मी पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकले ती ह्याचसाठी. मुग्धाच्या वेळी ह्यांची स्कूटर सुरूच होईना, आणि मी पोटाला हात लावून चौकात रिक्षा शोधत उभी होते. ते मी विसरले नाही. आणि आता ही बातमी कळल्यावर हे अगदी शांतपणे म्हणाले, "मुग्धाला न्यायला आपण ड्रायव्हर सांगू. रस्त्यावरचा जो तो तुला चूक दाखवून राहिला, अशात पोरीला घेऊन तू नको." मला वाईट वाटलं हो. खूप वाईट वाटलं. पण मी भांडले नाही. म्हटलं, दिवाच नको ना? बंद करून टाकते.

गेले बंटीकडे. बंटीचं दुकान हिंगणा रोडला, गाड्यांना सीट कव्हरं, टेप, कॅमेरे असलं बसवतो. त्याने स्टीअरिंगखाली काडेपेटीएवढं काहीतरी खोचलं, मोबाइल काढला आणि मला म्हणाला, "काकू, तुमी काहून टेन्शन घेता? ह्या गाडीले मेंदू हाये. मोबाइलवरून सांगतलं का ऐकते." म्हटलं, असं काही माणसांसाठीही मिळतं का? तर हसला. मग बोटाने ही यादी, ती यादी, हे बंद, ते चालू, गाडी आपली टुकटुक आवाज करून राहिली, आणि त्या दोन पट्ट्या खरंच विझल्या. मला इतकं हलकं वाटलं. घरी येईपर्यंत कोणी हात वर केला नाही. कोणी ओळखसुद्धा दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम ह्यांना घेऊन निघाले. परीक्षाच होती म्हणा ना. नवतपा सुरू, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, डांबर चटचट करून राहिलेलं, रस्त्यावर माणसं तोंडाला दुपट्टे बांधून. पहिला चौक गेला, कोणी काही बोललं नाही. दुसरा गेला. हे घड्याळ बघितल्यासारखं करतात, मी मनातल्या मनात फुगून राहिले. आणि तिसऱ्या चौकात ट्रॅफिकवाल्या दादांनी हात केला. बाजूला घ्या.

मी काच खाली केली. दादा अगदी सभ्य. घाम पुसला, गाडीच्या पुढे जाऊन वाकून बघितलं, परत आले आणि विचारलं, "मॅडम, धुकं कुठे आहे?"

म्हटलं, "काय?"

"धुकं. तुम्ही धुक्याचे दिवे लावून राहिले. नियमाने ते धुक्यात लावायचे, नाही तं जोराच्या पावसात, समोरचं दिसत नसलं तर. एरवी समोरच्याच्या डोळ्यावर येतात. म्हणून विचारून राहिलो, तुम्हाला कुठे दिसलं का?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी खरंच इकडे-तिकडे बघितलं. नवतप्यात, नागपुरात, दुपारी. समोरच्या टपरीवर पोह्यांच्या तर्रीतून थोडी वाफ निघून राहिली होती, त्यापलीकडे काही नाही. खाली उतरून बघितलं तर बंपरखाली दोन पिवळे दिवे ढणढणा जळून राहिलेले. मी लावलेच नव्हते हो. नंतर कळलं, बंटीने पट्ट्या बंद करताना गाडीच्या मेंदूत लिहून ठेवलं होतं, दिवसाचे दिवे म्हणून धुक्याचे दिवे वापरा. गाडी बिचारी आज्ञाधारक. मी लावले नाहीत म्हटलं, ते दादांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "नीट करून घ्या, ताई," आणि सोडलं. पण आमचे हे. गाडी पुढे निघाली तेव्हा एवढंच म्हणाले, "पोलिसाने थांबवलं." दोनच शब्द, पण मला कळलं, की मुग्धाचा विषय संपला.

पुन्हा बंटी. त्याने जीभ चावली, पुन्हा ती काडेपेटी, पुन्हा टुकटुक, आणि सगळं होतं तसं करून दिलं. म्हणाला, "काकू, मले वाटते कंपनीनं देल्लं तेच बरं हाये. आता यात हात नोका घालू." म्हणजे पट्ट्या परत आल्या. आणि घरापर्यंत, ओळीने, हात वर, चोच उघडी... "मॅडम, लाइट चालू है." हो भाऊ. कंपनीतूनच तसं आहे.

मग मुग्धाला न्यायचा दिवस आला. ह्यांनी प्रेमानंद नावाचा ड्रायव्हर सांगितला होता. मोठा कामसू माणूस, पांढरा सदरा, आल्या आल्या काच पुसली. हे पुढे बसले, मी मागे, मुग्धाला घरून घेतलं, ती माझ्या बाजूला. माझ्याच गाडीत मी पाहुण्यासारखी, पर्स मांडीवर घेऊन. आणि पहिल्याच सिग्नलला एक मोटरसायकलवाला आला. हात वर. चोच. "भैया, लाइट चालू है."

म्हटलं, आता हे प्रेमानंदला विचारतील, काय चुकलं तुझं. तर काय... ह्यांनी स्वतः काच खाली केली आणि त्या पोराला समजावून सांगायला लागले. "अरे बाबा, ते चालू नाही राहिलं, ते असतंच. कंपनीतूनच तसं आहे. दिवसा गाडी लांबून दिसावी म्हणून." इतकं छान सांगितलं, जसं काही गाडी ह्यांनीच बनवली. पुढच्या सिग्नलला एक ऑटोवाला. हे पुन्हा, "कंपनीतूनच तसं आहे." प्रेमानंद म्हणाला, "हाव साहेब, सगळेच सांगते मले. आपण कोणाकोणाले समजावाचं?" तर हे म्हणतात, "लोकांना कळत नाही, प्रेमानंद. तू आपला नीट चालव."

मागे मुग्धा हळूच म्हणाली, "बाबा, मग आईला काय सांगत होते तुम्ही?"

ह्यांनी काच वर घेतली, एसीची जाळी उगाच इकडे-तिकडे फिरवली. मग म्हणाले, "तेव्हा माझ्या लक्षात नव्हतं आलं." एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं म्हणाले, म्हणजे पुष्कळ झालं. प्रेमानंदला दवाखान्यापाशी चहा पाजून निरोप दिला, परतताना चावी ह्यांनीच माझ्या हातात ठेवली, आणि तेव्हापासून मुग्धाला न्यायचं-आणायचं ते मी. मला इतका आनंद झाला, की रस्त्यातल्या सगळ्या चोचींना मी हसून हात केला.

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. पण आता हे माझ्या बाजूला बसतात ते काच खाली करूनच. एसी चालू, उन्हाची झळ आत, आणि ह्यांचा हात कोपरापर्यंत बाहेर, लोकांना समजावून सांगायला तयार. कोणी नाही विचारलं तरी सांगतात. सिग्नल हिरवा होतो, मागचे हॉर्न वाजवतात, ह्यांचं आपलं चालू, "दिवसा गाडी लांबून दिसावी म्हणून..."

काल एक मुलगी स्कूटीवर आली, अगदी माझ्या काचेजवळ. दिव्याबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, "मॅडम, अंकल का हाथ बाहर है."

म्हटलं, माहीत आहे, बाळा. ते कंपनीतूनच तसे आहेत.