सातवी पायरी

रश्मी : आई, खूण कर ना फक्त! शिडीला दहा पायऱ्या आहेत. सगळ्यात वर एकदम श्रीमंत लोक, सगळ्यात खाली एकदम गरीब. आपण कुठे? कॉलेजचा प्रोजेक्ट कल जमा करना है.

वैजयंती : चौथी लिही.

रश्मी : चौथी? पप्पांची पक्की नोकरी, राजपुऱ्यात स्वतःचं घर, खाली कार!

वैजयंती : कार म्हणे! इंदूरला तुझ्या काकूकडे जाऊन बघ. दारात दोन गाड्या नि घरात लिफ्ट. चप्पल कुठे काढावी तेच मला कळत नाही तिथे. चौथीच लिही.

आशाबाई : ताई, भांडे झाले. मंग रविवारचं काय? माह्या नव्या घराची वास्तू हाय. सकाळपासून तिसऱ्यांदा इचारते.

वैजयंती : अगं, रश्मी येईल ना आहेर घेऊन. तुझ्यासाठी साडी काढून ठेवलीये.

आशाबाई : साडी नाही मांगत मी. तुमी या म्हंते. बारा वर्सं झाले तुमच्याकडं कामाले, एकदा नाही आल्या.

वैजयंती : बघते गं. गुडघे फार दुखतात हल्ली.

रश्मी : मावशी, तुम्हीपण सांगा ना. या शिडीवर तुम्ही कुठे?

वैजयंती : तिला काय विचारतेस? दुसरी लिही. फार तर तिसरी.

आशाबाई : थांबा ना ताई, माही पायरी मले पाहू द्या. हं... ही.

रश्मी : सातवी? पक्का?

आशाबाई : पक्का.

वैजयंती : अगं बाई! माझ्यापेक्षा तीन पायऱ्या वर?

आशाबाई : मंग! माही बहीण खकनारकडं अजून केळीचे घड वाहते डोक्यावर. आमी दोघी कुडाच्या घरात वाढलो. आता लोधीपुऱ्यात माह्या दोन खोल्या, वर स्लॅब, नळ घरात. पोरगी नर्सिंगले हाय. आठवीच म्हननार होती, पन नजर लागते.

रश्मी : यही तो! सर हेच म्हणतात. माणूस कोणाकडे बघतो, त्यावर त्याची पायरी ठरते.

वैजयंती : तुझ्या सरांचं राहू दे. आशाबाई, तुझ्या मते मी कितवीवर गं?

आशाबाई : तुमी? नववीवर. म्हनून तर खाली उतरायले गुडघे दुखतात.

(रश्मी खो खो हसते.)

वैजयंती : दात काय काढतेस? आणि आशाबाई, जीभ फार सुटलीये हं तुझी!

आशाबाई : सुटली खरी. पन वाईट वाटते, ताई. तुमच्या थोरल्या अश्विनीताईच्या लग्नात माह्या घरचे सहा जन जेवले. तुमी सोता आग्रह करकरून वाढलं. आन माह्या घरी तुमी चहालेबी नाही आल्या. दर खेपी तुमीच देता, मी घेते. एकदा मलेबी वाढू द्या ना.

वैजयंती : खरं सांगू? मला वाटायचं, मी आले तर तुझी धांदल उडेल. खुर्ची कुठून आणू, कप कुठले काढू... उगाच तुलाच ओशाळल्यासारखं होईल.

आशाबाई : मले कायची लाज? माहं घर हाय!

वैजयंती : मला इंदूरला तसं होतं ना. वाटलं, तुलाही होत असेल.

आशाबाई : तुमी बी कमाल करता! वरन-बट्टी हाय, वांग्याची भाजी हाय, गोडाले दराबा सांगून ठेवला. जावा इचारत व्हत्या, तुही ताई येनार का. मी हो म्हनून बसली.

वैजयंती : मला न विचारता?

आशाबाई : तीनदा तं इचारलं! तुमीच साडी काढून ठेवली.

रश्मी : आई, मग चौथीवरच ठेवू का तुला?

वैजयंती : खोड ते. काय लिहायचं ते मग बघू. आशाबाई, पंगत किती वाजता?

आशाबाई : बाराले. पन तुमी अकराले या. घर पाहाले येळ लागते.