एकोणीस नंबरचा बिल्ला

— आन् म्हनून म्हनतो पावनं, तुम्ही व्हा फुडं. लाजू नका. त्या मुतखड्यानं तुम्हाला कळा मारत्यात, मघापासनं बघतोय, कंपनीचा शर्ट पार वला झालाय घामानं. पार सणसवाडीसनं आलाय न्हवं? मग झालं तर. हा घ्या माझा एकोनीस नंबर, तुमचा चोवीस आना हिकडं. मला कसली घाई? पोपटराव बघतोय — त्यो दारातला कंपौंडर — बिल्ला जरा खाली धरा. सकाळपासनं डोकं फिरवलंय मी त्याचं. खरा माझा नंबर पाच. पाच दिला रंगुबाईला, म्हातारी हाय, तिचा घेतला अकरा. अकरा दिला त्या लेकुरवाळीला, आला एकोनीस. वहीत पाच नंबरला गडीमानूस लिवलाय आन् आत गेलं लुगडं. तवापासनं वही उलटीपालटी करून बघतोय बिचारा.

मला काय झालंय? काय न्हाई हो. म्हंजी, झालं असंल बी. डॉक्टर पुन्याचा, दौंडात फकस्त गुरवारी येतो, आन् आज सांगनार हाय. मागल्या गुरवारी दुर्बीन घातली त्यानं. कुठनं म्हंजी? जिथनं मुततो तिथनंच, आनिक कुठनं. खड्यावाल्याला बी घालत्यात — आवं बसा, बसा, उठताय कुठं. भूल देत्यात कमरंखाली, काय कळत न्हाई. मी पडल्या पडल्या इचारलं, डॉक्टर, आमचं भांडगाव दिसतंय का? नर्सबाया हसल्या. डॉक्टर हसला न्हाई. तवाच मला चुकल्यागत वाटलं — मी बोललो आन् मानूस हसला न्हाई, आसं कवा व्हत न्हाई. म्हनला, आप्पा, बिडी कवापासनं वडताय? म्हनलं, मिसरूड फुटायच्या आदीपासनं. मग म्हनला, लघवीच्या पिशवीत गाठ हाय, बारका तुकडा काढलाय, पुन्याला धाडतो, कॅन्सर हाय का न्हाई ते आठ दिसानं सांगतो. आता बघा, आमचा गुरांचा डॉक्टर, हात घालून तिथल्या तिथं सांगतो, म्हस गाभन हाय का न्हाई. आन् ह्यो येवढा शिकल्याला, ह्याला आठ दिस पायजेत. आठ दिस झालं, मी डोळं मिटून मुततोय. मग यकच उघडतो, हळूच. लाल असली तर त्यो बी मिटतो.

मालकिनीला? सांगितलं की. पयल्यांदा लाल झाली त्याच दिशी सांगितलं, तुळजे, लघवीतनं रगत आलं. तर म्हनती, कुकू किती कालवलं? हसा, हसा. तिची बी चूक न्हाई. लगीन नवं व्हतं तवा मी काय केलं — पायावर कुकवाचं दोन ठिपकं दिलं, तोंडात साबनाचा फेस धरला आन् पडलो गोठ्यात. म्हनलं, साप चावला. ती तशीच पळाली, अनवानी, खुटबावातल्या साप उतरवनाऱ्या जानत्याला आनाय, भर उनाची, काट्याकुट्यातनं. त्याला घिऊन आली तवा मी चा पीत बसलो व्हतो. गाव हसलं. मी बी हसलो. मग ती पाय धुवाय बसली आन् पानी लाल झालं. त्ये कुकू न्हवतं... आता ह्ये तुम्हाला कशाला सांगतोय मी? खड्याचं बघा तुमी आपल्या.

तर लघवीचं आयकून ती हसली, म्हनून मी बी हसलो. म्हनलं, वळखलंस व्हय गं. जाऊ दे, नीट झोपंल तरी. आज बी दौंडाला बाजार करतो म्हनूनच निघालोय, ही पिशवी बघा, रिकामी. परवा काय झालं, बन्सीआन्ना पारावर पेंगत व्हता. पागोट्याचं टोक वडायचं आन् पाराच्या खांबाला बांधायचं, येवढंच काम. मी तसाच फुडं गेलो. गाव म्हनतंय, आप्पा सुधारला. सुधारतोय कसला — जाऊ द्या.

बोलावलं बघा, एकोनीस. उठा की. माझा चोवीस, मी बसतो. भेतोय? मी? भ्यायचं काय त्यात. चोवीसच्या मागं कोन न्हाई? व्हय, दिसत्यात मला रिकामी बाकडी. पर तवर डॉक्टर जेवाय उठंल, मग गाडीची येळ हुईल, मग काय, फुडच्या गुरवारी — थांबा जरा. फाटकातनं ती कोन येतीया?

तुळजे? तू कशी हितं? कुनी सांगितलं तुला? ... कुनीच न्हाई? मग? ... बन्सीचं पागोटं? आठ दिस कुनाची खोडी काढली न्हाई — तेवढ्यावरनं रगताचं खरं धरून आलीस? आगं, आन् पायात चप्पल कुठंय तुज्या?

...

पावनं, त्यो एकोनीस द्या माघारी. व्हय, माझाच हाय त्यो. न्हाई, आता गंमत न्हाई. कळ सोसा वाईच, खड्यानं कुनी मेलं न्हाई. — तुळजे, फरशी तापलीया, ही माजी घाल. — आलो हो पोपटराव. दोघं हाय आमी.