पिंजऱ्यातली सर्दी

(वारूळवाडीच्या शिवारात, उसाच्या कडेला, वनखात्यानं बिबट्यासाठी लावलेला लोखंडी पिंजरा. दिवाळीतली थंडीची सकाळ. पिंजऱ्याचं दार पडलंय. आत बिबट्या नाही. घोंगडी पांघरून कुशाबा बसलेत. त्यांची बायको झुंबरबाई नाकाला पदर लावून बरीच लांब बांधावर उभी.)

झुंबरबाई : आधी त्वांड तिकडं करा, मग बोला.

कुशाबा : कुणीकडं करू? चारी बाजूंनी गजच हायेत.

झुंबरबाई : उसाकडं करा. ऊस काय आजारी पडत न्हाई.

कुशाबा : बरं, केलं. आता आईक. दार पडलंय. मी आडाकलोय आत.

झुंबरबाई : ते दिसतंय मला. पडलं कसं पण? तुमी तर विटंची युक्ती केली व्हती.

कुशाबा : केली व्हती ना. रोज झोपताना दाराखाली वीट ठिवायचो. दार पुरतं बसायचं न्हाई, सकाळी आतून ढकललं की वर. रातच्याला बिबट्या आला.

झुंबरबाई : कुटं?

कुशाबा : कुटं म्हंजे? हितंच. त्याच्यासाठीच तर पिंजरा हाय. मागच्या खणात बोकड बांधलाय, त्याच्या वासानं आला. मला जाग आली तर गजाच्या पल्याड ह्ये येवढं थोबाड. माझ्याकडं बघतंय, मी त्याच्याकडं बघतोय. आन् मला शिंक आली.

झुंबरबाई : अगंबाई!

कुशाबा : लई मोठी. त्यो जो उडाला, सरळ उसात. सळसळ सळसळ आवाज, पार वढ्यापातुर. त्या गडबडीत माझा पाय विटंला लागला, वीट बाहीर, दार खाली, आन् बाहीरची खिट्टी बसली.

झुंबरबाई : शिंकताना त्वांडावर रुमाल व्हता का?

कुशाबा : आगं, बिबट्या व्हता म्हंतोय मी!

झुंबरबाई : रुमाल व्हता का न्हवता?

कुशाबा : न्हवता.

झुंबरबाई : मग लागली त्याला सर्दी. आता गावभर हिंडंल ती घिऊन.

कुशाबा : बिबट्याला काय व्हतंय? तू खिट्टी काढ आन् दार उचल.

झुंबरबाई : मला एकटीला उचलतंय का ते? वनखात्याची चार माणसं घाम गाळीत व्हती बसवताना.

कुशाबा : चिमाजीला हाक मार मग. दोघं मिळून उचला.

झुंबरबाई : चिमाजी भावजी कालपासनं खोकत्यात. त्यांना मी आपल्या बांधावर पाय ठिवू देणार न्हाई.

कुशाबा : मग वनखात्याच्या गारडला सांगावा धाड.

झुंबरबाई : गारड दिवाळीला घोडेगावला गेलाय, बायकापोरांकडं. भाऊबीज करून येतो म्हणला. तवर बसा. उबदार हाय की.

कुशाबा : उबदार? लोखांड हाय हे! बर्फ झालाय नुसता. माझा बाप मेंढरं घिऊन रानोमाळ हिंडायचा, त्याच्यावर बी आसली येळ आली न्हाई. त्यो मेंढरांत झोपायचा. मेंढराला ऊब आसती.

झुंबरबाई : बोकड हाय की शेजारी.

कुशाबा : त्यो बी लांब सरकून बसलाय. त्याला पण तूच शिकावलं का काय?

झुंबरबाई : जनावराला कळतं ते माणसाला कळंना. मी काय मागतीय तुमच्याकडं? चार दिस बाहीर ऱ्हावा, येवढंच. म्या कांद्याच्या चाळीत नीट हातरूण घालून दिलं व्हतं.

कुशाबा : त्या चाळीपुढनं चिमाजीचं कुत्रं नेलं बिबट्यानं. दुसऱ्या दिशी कोण जाईल झोपाया? समद्या वारूळवाडीत आतून बंद व्हणारी एकच खोली उरली, ती ही. घर तर तू कुलूप लावून ठिवलंय.

झुंबरबाई : कुलूप न्हाई. नुसती कडी.

कुशाबा : तू तरी झोपलीस का घरात?

झुंबरबाई : मी पडवीत झोपले.

कुशाबा : का?

झुंबरबाई : का म्हंजे? घर पुसून झालं. तीनदा फिनेल मारलं, निंबाच्या पाल्याची धुरी दिली. आता त्यात परत पाय कशाला घालायचा?

कुशाबा : म्हंजे घरात कुणीच न्हाई.

झुंबरबाई : कुणीच न्हाई. माशी सुदीक न्हाई.

कुशाबा : आन् सैपाक?

झुंबरबाई : गोठ्यामागं चूल मांडलीय. चकल्या तिथंच तळल्या. करंज्या बी.

कुशाबा : करंज्या केल्या? मग एखादी टाक की हिकडं.

झुंबरबाई : टाकते. झेला. आन् खाऊन झाल्यावर हात गजांना पुसू नका.

कुशाबा : ...चांगली झालीय. खोबरं लई घातलंस ह्या बारीला.

झुंबरबाई : आपली नात, दिशा चाखंल म्हणून. नुसतं सारण चाटंल ती, दात किती आसत्याल आता तिला.

कुशाबा : आगं, मला एक सांग. हे किटाणू-किटाणू तू म्हंतीस, हे आपल्याकडं कवापासनं आलं? आपल्या लहानपणी तर न्हवतं कुणाकडं.

झुंबरबाई : व्हतं. दिसत न्हवतं. टीव्हीत ती बाई हातावर भिंग धरती, तर हिरवं-हिरवं वळवळतंय समदं. गोऱ्यापान हातावर, बघा! मग तुमच्या हातावर काय आसंल.

कुशाबा : ती साबण इकती.

झुंबरबाई : इकू दे. खोटं कशाला बोलंल? तिला बी लेकरू हाय, दाखवत्यात की शेवटी.

कुशाबा : हे बघ, तुला येक इचारतो. दरवर्सी दिवाळीला घर झाडायचीस, सारवायचीस, रंग द्यायचीस. मी कधी बोललो का? पण ह्या साली तू डोक्यात घिऊन बसलीस. दसऱ्यापासनं बादली तुझ्या हातातनं सुटली न्हाई. नवरा पिंजऱ्यात बसवला, तरी तुझं मन भरंना. झालंय काय तुला?

झुंबरबाई : काय न्हाई झालं.

कुशाबा : सांग की.

झुंबरबाई : तुमी तिकडंच बघत बसा, उसाकडं. मग सांगते.

कुशाबा : बघतोय.

झुंबरबाई : गेल्या दिवाळीला दिशाला काचंच्या पेटीत ठिवली व्हती का न्हाई नारायणगावच्या दवाखान्यात? येवढासा जीव. छातीत कफ, नाकात नळी. तुमी च्या आणाया गेला व्हता. मी दाराच्या आड उभी व्हते आन् इहीनबाई बाकड्यावर कुणाला तरी सांगत व्हत्या, की ह्यांच्याकडं समदं घर शिंकतंय, भिंतीचे पोपडं पडत्यात, धुरानं डोळं फुटत्यात, आन् आमी लेकरू धाडलं. आता पुन्यांदा धाडणार न्हाई.

कुशाबा : आसं म्हणल्या?

झुंबरबाई : धाडली का मग वर्सभर? संक्रांतीला धाडली? जत्रंला धाडली? आपली लेक, इंदा येकटीच यायची, सकाळच्या यष्टीनं येऊन सांजच्याला माघारी. लेकरू झोपलंय म्हणायची. दर येळंला लेकरू झोपलेलंच कसं आसंल?

कुशाबा : तू मला बोलली न्हाईस.

झुंबरबाई : बोलून काय केलं आसतं? तुमी पेठला तिच्या सासरी जाऊन भांडला आसता. म्हणलं भांडून काय व्हनार हाय. घरच आसं करायचं की बोट ठिवायला जागा न्हाई ऱ्हायली पायजे. आन् आज येतीय ती. सुदर्शनरावांनी सोताहून फोन केला दुकानात, की दिशाला घिऊन येतो. आज जर का ह्या घरात कुणी शिंकलं...

कुशाबा : ऱ्हाऊ दे. कळलं.

झुंबरबाई : गाडीचा आवाज आला का?

कुशाबा : फटफटीच हाय. सुदर्शनरावांचीच.

झुंबरबाई : आगंबाई, आल्या! घोंगडी डोक्यावरनं घ्या. न्हाय तर थांबा, ताडपत्री आणते, पिंजऱ्यावर टाकते. कुणी इचारलं तर म्हणू, बिबट्या सापाडलाय, जवळ जाऊ नका.

कुशाबा : आन् मी खोकलो तर?

झुंबरबाई : बिबट्या खोकत न्हाई का?

इंद्रायणी : आई! कुठंयस तू? घराला कडी, पडवीत कुणी नाही... आप्पा? आप्पा, तुम्ही पिंजऱ्यात काय करताय?

कुशाबा : बसलोय.

झुंबरबाई : दुरुस्त करत्यात.

इंद्रायणी : दार पडलंय की!

झुंबरबाई : तेच दुरुस्त करत्यात. जावईबापू कुठं हायेत?

इंद्रायणी : गाडी लावतायत. आई, खरं सांग मला.

कुशाबा : इंदे, मला सर्दी झालीय. लेकरू घिऊन जवळ येऊ नको, तिथंच थांब. बाकी समदं बरं हाय. बिबट्या बी आला न्हाई.

झुंबरबाई : इहीनबाईंला सांगू नको गं, मी पाया पडते तुझ्या. घरात न्हाई घेतलं त्यांना, चार दिस झालं, उंबऱ्याच्या आत पाय न्हाई त्यांचा. इच्यार पायजे तर.

इंद्रायणी : आत्याबाईंना काय सांगू? त्या तापानं फणफणल्यात. मामंजी, धाकटी जाऊ, तिची पोरं, सगळं घर झोपलंय. शिंकायला एक माणूस उठतो, तोवर दुसऱ्याची सुरुवात. एकटी दिशा तेवढी बरीय. म्हणून तर आलो आम्ही.

झुंबरबाई : म्हणून आला?

इंद्रायणी : आत्याबाईच म्हणाल्या. पोरीला इथं ठेवू नका, वारूळवाडीला न्या. झुंबरबाई नीट जपतील.

झुंबरबाई : माझं नाव घेतलं त्यांनी?

इंद्रायणी : घेतलं. गेल्या साली घाबरून काय-काय बोलल्या, ते मला ठाऊक नाही का? मी पण तिथंच होते. पण माणूस घाबरल्यावर बोलतो. आता घे ना हिला, किती वेळची तुझ्याकडं हात करतीय.

झुंबरबाई : माझ्या हाताला फिनेल हाय. आदुगर घरात जा, घर बघ. जा. तिला तिथं चटईवर सोड, आख्ख्या तालुक्यात आसलं घर न्हाई घावणार.

इंद्रायणी : बघून येते. दिशा, चल गं, आजीचं घर बघू.

कुशाबा : गेली. आगं, केवढी झाली गं! मान बघ कशी वळवती.

झुंबरबाई : तुमच्यावर गेलीय. नाक तुमचंच.

कुशाबा : आन् तू डोळं पुसतीस का काय?

झुंबरबाई : धुरी गेलीय डोळ्यांत.

कुशाबा : धुरी तर काल दिली व्हतीस.

झुंबरबाई : तुमी उसाकडं बघा म्हणलं ना.

इंद्रायणी : आई! अगं, आई, हे काय करून ठेवलंस!

झुंबरबाई : का? कुटं डाग ऱ्हायला का?

इंद्रायणी : डाग कुठला! उभंच राहता येईना आत. फिनेलचा वास, त्यात धुराचा कोंडमारा. खिडक्यांना युरियाच्या गोण्या शिवल्यास तू? दिशा दारातच खोकायला लागली, तशीच बाहेर आणली तिला.

झुंबरबाई : खोकली? दिशा खोकली?

इंद्रायणी : आता थांबली. वाऱ्यावर आली की थांबली. सुदर्शन गोण्या कापतायत, खिडक्या उघडतायत.

झुंबरबाई : आगं, नको! वाऱ्यानं किटाणू येत्याल!

इंद्रायणी : वाऱ्यानं जातात, आई. गेल्या साली डॉक्टरांनी सोडताना मला बसवून सांगितलं होतं. पोरीजवळ धूर नको. घर कोंडून ठेवायचं नाही, ऊन-वारा येऊ द्यायचा. साध्या साबणानं हात धुवायचे. आणि खोकणाऱ्या माणसानं लांब राहायचं. बास.

झुंबरबाई : मला का न्हाई सांगितलंस?

इंद्रायणी : तू विचारलंच नाहीस. त्या दिवसाबद्दल कुणी बोलायला लागलं की तू बादली घेऊन उठायचीस.

झुंबरबाई : मग म्या वर्सभर काय केलं?

कुशाबा : घर आरशासारखं केलंस. त्यात काय वाईट? आन् लांब ठिवायचं तर तुझं बरोबरच निघालं की. डॉक्टर बी तेच म्हणला.

इंद्रायणी : आप्पा, लांब म्हणजे पिंजऱ्यात नाही हो! आई, चल, दोघी मिळून दार उचलू. दिशाला बांधावरच्या या घोंगडीवर बसवते, आप्पांची नाही ना ही?

झुंबरबाई : न्हाई, ती धुतलेली हाय. खिट्टी वडते मी. तू खालनं धर. हं... लाव जोर.

इंद्रायणी : आलं वर. आई, खिट्टी वर अडकव, खिट्टी! दार नाही पडायचं. हां. या आता बाहेर.

कुशाबा : नको.

इंद्रायणी : नको म्हणजे?

कुशाबा : आता दार उघडं हाय, वारा बी हाय, ऊन बी येतंय. माझा खोकला जाईस्तवर मी हितंच बरा. आदुगर तुझ्या आईनं बसावलं व्हतं, आता मी सोताहून बसतोय. तू लेकराला हितनं दिसंल आशी अंगणात खेळव. येवढं कर.

इंद्रायणी : दिवाळीत असं कसं, आप्पा? बरं, रात्री पडवीच्या टोकाला झोपा, आम्ही सगळे आत. सांग गं आई, तू तरी. आणि हिला घे आता. हात धुतलेस ना?

झुंबरबाई : धुतले.

इंद्रायणी : मग?

झुंबरबाई : तूच ने तिला. चुलीकडं न्हिऊ नको, धूर आसतो. करंज्या डब्यात हायेत, सारण चाटव नुसतं. खिडक्या उघडल्या का बघ समद्या. जा, ऊन चांगलं पडलंय अंगणात.

इंद्रायणी : आई, अगं, वर्षभर वाट बघितलीस तू...

झुंबरबाई : जा म्हणते ना.

कुशाबा : गेली. घेतलं का न्हाईस गं तिला? येवढी हात करीत व्हती. आगं, हिकडं कुठं येतीस? मला सर्दी हाय.

झुंबरबाई : सरका जरा. माझा बी घसा कालपासनं खवखवतोय.

कुशाबा : ये. उन्हाकडंनं बस.